गरोदरपणात दाढ दुखली तर: ठाणे आणि नवी मुंबईत मोफत उपचार मिळवायचे कसे

गरोदर बाईची दाढ ठणकायला लागली की तिला दोन ठरलेली वाक्यं ऐकावी लागतात. दातांचे डॉक्टर म्हणतात, "आधी गायनॅककडून चिठ्ठी आणा." गायनॅक म्हणतात, "आता कशाला, बाळंत झाल्यावर बघू." या दोन ओपीडींच्या मध्ये पाचवा महिना जातो, सहावा जातो, आणि आठव्या महिन्यात गाल सुजून ती कॅज्युअल्टीत पोहोचते. जी दाढ चौथ्या महिन्यात सिमेंट भरून वाचली असती, ती आता काढावी लागते.

यात कुणा एका डॉक्टरचा दोष नाही, व्यवस्थेची रचनाच तशी आहे. जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण हे सगळं नावानिशी मोफत आहे. त्या यादीत दात मात्र नाहीत. त्यामुळे नाव नोंदवल्यावर हिमोग्लोबिन, बीपी, साखर, सोनोग्राफी आपोआप होते, पण "दातांच्या ओपीडीत जाऊन या" असं सहसा कुणी सांगत नाही. ते आपल्यालाच घडवून आणावं लागतं. कुठे जायचं, कितव्या आठवड्यात, कोणता कागद घेऊन आणि तिथे काय बोलायचं, ते पुढे दिलं आहे.

"मोफत" म्हणजे कुणाच्या दारात मोफत?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "सरकारी" म्हणून आपण ज्यांना एकाच माळेत ओवतो, ती रुग्णालयं वेगवेगळ्या खात्यांची असतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा असतो.

पहिलं दार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत शुल्क घेतलं जात नाही. ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे ज्याला सगळे "सिव्हिल" म्हणतात, ते याच विभागाचं. टेंभी नाक्याजवळच्या जुन्या जागेवर नवी इमारत बांधायला घेतल्यामुळे कामकाज मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आलं. म्हणून निघण्यापूर्वी दंत विभाग कुठे बसतो ते विचारून घ्या. नवी मुंबईकरांना हे सहसा कुणी सांगत नाही, पण खारघर, कामोठे, बेलापूरच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी या विभागाचं जवळचं रुग्णालय म्हणजे पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय. ते रायगड जिल्ह्यात येतं म्हणून बिचकू नका. आधारवर पत्ता दुसऱ्या जिल्ह्याचा असला म्हणून ओपीडीत उपचार नाकारता येत नाहीत.

दुसरं दार महापालिकेचं. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, ऐरोली आणि नेरुळची पालिका रुग्णालयं. राज्याचा २०२३ चा निर्णय पालिकांना आपोआप लागू होत नाही. पालिकेचा स्वतःचा दर असतो, तो खासगीच्या मानाने फारच कमी असतो आणि गरोदर महिलांना बऱ्याच गोष्टींत सूट मिळते. पण ती सूट मागावी लागते. प्रसूतीसाठी नाव त्याच रुग्णालयात असेल तर पालिकेचंच दार आधी ठोठवा, कारण दोन्ही ओपीडी एकाच आवारात असतील तर चिठ्ठीचा निम्मा त्रास वाचतो. मोहल्ल्यातलं नागरी आरोग्य केंद्र किंवा 'आपला दवाखाना' नावाचा सरकारी दवाखाना इथे दातांची खुर्ची असेल असं गृहीत धरू नका. मात्र पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळते.

तिसरं दार दंत महाविद्यालयांचं. या बाबतीत नवी मुंबई नशीबवान आहे: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. ही खासगी महाविद्यालयं आहेत, त्यामुळे सगळंच फुकट असं नाही. पण शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात म्हणून दर बरेच कमी असतात. रूट कॅनाल आणि कॅप लागणार असेल तर आमच्या मते हाच मार्ग व्यवहार्य आहे. सिव्हिल आणि पालिकेच्या दंत विभागात प्रामुख्याने तपासणी, दात काढणं, साफ करणं आणि साधं सिमेंट भरणं होतं. रूट कॅनाल काही ठिकाणी होतं, कॅप क्वचितच. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय हे आणखी दोन पर्याय. शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं असल्यामुळे तिथे नाममात्र शुल्क लागतं.

चौथं दार ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच ते आठवत नाही. नवरा किंवा बाई स्वतः कामाला असून पगारातून ईएसआयसी (कामगार विम्याचे पैसे) कापलं जात असेल, तर कामगार रुग्णालयात दातांचा विभाग असेल तिथे ते उपचार हक्काचे आहेत. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांतले आणि वागळे इस्टेटमधले कितीतरी कामगार दर महिन्याला पैसे भरतात आणि दाढ मात्र खासगीत पैसे मोजून काढून घेतात. ईएसआयसीच्या ई-पेहचान कार्डावर बायकोचं नाव चढवलेलं आहे का, एवढं आजच बघा.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड इथे कामाला येत नाही. ती दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. सिमेंट, स्केलिंग (दात साफ करणं), रूट कॅनाल त्यात बसत नाही. कार्ड घेऊन जाऊन अर्धा दिवस वाया घालवू नका.

कितवा आठवडा, कोणतं काम

नाव बाराव्या आठवड्याच्या आत नोंदवा. माता व बाल संरक्षण कार्ड हातात आलं की त्याच आठवड्यात दातांची तपासणी करून घ्या, दुखत नसलं तरी. तपासणीला कोणताही महिना चालतो.

भरणं, साफ करणं, रूट कॅनाल, दात काढणं या कामांसाठी चौदावा ते अठ्ठाविसावा आठवडा सगळ्यात सोयीचा. उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट इतकं वाढलेलं नसतं की खुर्चीत झोपता येऊ नये. त्यातही काम विसाव्या आठवड्याच्या आत सुरू करण्याचा प्रयत्न करा, आणि याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. रूट कॅनालला दोन ते चार फेऱ्या लागतात. मोफत ठिकाणी दोन फेऱ्यांमध्ये आठ-दहा दिवस जातात. एखादी तारीख सुट्टीत जाते, एखाद्या दिवशी मशीन बंद असतं. चोविसाव्या आठवड्यात सुरू केलेलं काम बत्तिसाव्यात लोंबकळत राहतं, आणि तात्पुरतं सिमेंट निघून गेलं की दाढ पुन्हा ठणकायला लागते.

दुखणं, पू आणि सूज यांना मात्र महिना नसतो. पहिल्या महिन्यातही उपचार करायचे असतात आणि नवव्यातही. "सातव्यानंतर हात लावत नाहीत" हा नियम कुठेच लिहिलेला नाही. न उतरलेला जंतुसंसर्ग, ताप आणि चार रात्रींची उपासमार हे आई आणि बाळ दोघांनाही एका इंजेक्शनपेक्षा जास्त महागात पडतं. पुढे ढकलायचं तर दात पांढरे करणं, इम्प्लांट, न दुखणारी अक्कलदाढ.

हिरड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गरोदरपणात संप्रेरकं वाढली की दातांवरच्या त्याच मळाला हिरडी जास्त चिडून उत्तर देते. ब्रश लागताच रक्त येतं, हिरडी लाल आणि फुगीर दिसते. दुसऱ्या महिन्यापासून हे जाणवायला लागतं आणि आठव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. रक्त येतं म्हणून बाई तिथे ब्रश लावायचं सोडते, मळ साचतो आणि रक्त आणखी येतं. औषधाने हे थांबत नाही. स्केलिंग आणि मऊ ब्रश हाच उपाय. काही जणींना दोन दातांच्या मध्ये लाल, चटकन रक्त येणारी गाठ उगवते. ती कर्करोगाची नसते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप ओसरते. चावताना मध्ये येत असेल किंवा रक्त थांबत नसेल तरच ती काढतात. "साफ केल्याने दात हलतात" ही भीतीही इथेच काढून टाकू. दातांना बांधून ठेवणारा दगडासारखा थर निघाला की आधीच सैल झालेला दात सैल वाटू लागतो, एवढंच. अमेरिकेत ८२३ गरोदर महिलांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एकविसाव्या आठवड्याच्या आत हिरड्यांचे उपचार करणं सुरक्षित ठरलं. त्याने वेळेआधीची प्रसूती टळते असं मात्र त्यात दिसलं नाही. तेव्हा हिरडी बरी करायची ती हिरडीसाठीच.

आणि "बाळ दातातलं कॅल्शियम ओढून घेतं" हे खरं नाही. तयार झालेल्या दातातून कॅल्शियम असं परत निघत नाही. दात किडतात ते उलट्यांतल्या आम्लामुळे, सारखं थोडंथोडं गोड-आंबट खाण्यामुळे आणि मळमळीने ब्रश टाळल्यामुळे. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, आम्लाने मऊ पडलेला वरचा थर घासला जातो. एक कप पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून खळखळून चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या ते एक तासाने करा.

चिठ्ठी: सगळा खेळ इथे आहे

दंत विभागात मागतात ती चिठ्ठी नुसती "फिट" लिहिलेली असेल तर ती पुरत नाही. समोरच्या डॉक्टरला ज्या गोष्टींची धास्ती असते, त्यांची उत्तरं त्यात असावी लागतात. चिठ्ठीत पुढचं सगळं असेल याची खात्री करा. हा मजकूर कागदावर उतरवून गायनॅकसमोर ठेवा. त्या आपल्या भाषेत, आपल्या शिक्क्यानिशी लिहून देतील:

"प्रति, दंत विभाग. रुग्ण ____, वय __, गरोदर, आज __ आठवडे पूर्ण. शेवटची पाळी __, अपेक्षित प्रसूती __. खेप पहिली / दुसरी. हिमोग्लोबिन __, रक्तदाब __, साखर __, थायरॉइड __. चालू औषधे __. औषधांची ॲलर्जी __. ॲड्रिनॅलिनयुक्त लिग्नोकेनने जागा बधिर करणे, लेड एप्रन घालून आवश्यक तेवढा दाताचा एक्स-रे, स्केलिंग, भरणे, रूट कॅनाल किंवा दात काढणे यांस आमची हरकत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल; प्रतिजैविक लागल्यास अमॉक्सिसिलीन चालेल."

दोन ओळींवर खास लक्ष द्या. एक, चालू औषधे. रक्तदाबाच्या जोखमीसाठी रोज रात्री इकोस्प्रिन (कमी मात्रेतलं ॲस्पिरिन) चालू असेल किंवा पोटावर हेपॅरिनची इंजेक्शनं घेत असाल, तर ते चिठ्ठीत आलंच पाहिजे, कारण दात काढल्यावर रक्त थांबण्याशी त्याचा संबंध आहे. ती औषधं मनाने बंद करू नका, तो निर्णय गायनॅकचा. दुसरी ओळ एक्स-रेची. ती नसली तर एक्स-रेच्या खोलीतून परत पाठवतात, आणि एक्स-रेशिवाय रूट कॅनाल होत नाही, म्हणजे दिवस गेलाच.

चिठ्ठी मागायला चांगला दिवस म्हणजे महिन्याची ९ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून त्या दिवशी सरकारी केंद्रांवर तज्ज्ञांकडून गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. त्याच दिवशी दाताचं काम उरकायचा हट्ट मात्र धरू नका, गर्दी फार असते. शिवाय साखरेच्या तपासणीसाठी ग्लुकोजचं पाणी प्यायलेलं असेल, तर दोन तासांनी रक्त देईपर्यंत दंत विभागाच्या रांगेत उभं राहू नये. उलटी झाली तर तपासणी पुन्हा करावी लागते.

सोबत मदर कार्ड (माता व बाल संरक्षण कार्ड), ताजे रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं. गोळ्यांची नावं सांगण्यापेक्षा पाकीट दाखवलेलं बरं. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घरूनच न्या.

ओपीडीचा दिवस

केसपेपरची खिडकी सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत बंद होते, म्हणून नऊच्या आधी पोहोचा. सोमवार टाळा. केसपेपर काढतानाच सांगा, "गरोदर आहे, सातवा महिना चालू आहे, दंत विभाग." नुसतं "दंत" सांगितलं तर गरोदर असल्याची नोंद होत नाही आणि वेगळी रांग असली तरी कुणी पाठवत नाही. रांगेत उभं राहायला नवरा, नणंद, आशाताई कुणीतरी बरोबर असू द्या, तुम्ही बाकावर बसा. लोकलने जात असाल तर दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर महिलांना प्रवास करता येतो. मदर कार्ड हाताशी ठेवा.

दंत महाविद्यालयात थेट रूट कॅनालच्या विभागात जाता येत नाही. आधी नोंदणी, मग ओरल मेडिसिन विभागात तपासणी आणि एक्स-रे, मग ज्या विभागाचं काम असेल तिथे. पहिला दिवस याच फेऱ्यांत जातो, तीन-चार तास धरून चला. त्या दिवशी दुखणं कमी करण्यापुरतं काम करून देतात. जाताना एक विचारा: "माझं काम कोण करणार, आणि त्यांची परीक्षा किंवा सुट्टी कधी आहे?" परीक्षेच्या दिवसांत तारखा लांबतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याची तारीख त्यांना सांगून ठेवा, म्हणजे ते फेऱ्या तशा बसवतात.

पैसे मागितले आणि देणं शक्य नसलं तर तिथून परत फिरू नका. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांची खोली विचारा. रेशनकार्ड दाखवल्यावर त्यांच्या शिफारशीने शुल्क कमी किंवा माफ होऊ शकतं. त्यांचं कामच ते आहे, त्यात उपकार नाहीत.

खुर्चीत बसल्यावर

उपाशीपोटी जाऊ नका. पोळीभाजी किंवा उपमा खाऊन तास-दीड तासाने खुर्चीत बसा.

एक घरचा टॉवेल बरोबर घ्या. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सपाट झोपलं की वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, आणि बाईला अचानक घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळदा याला "इंजेक्शन बाधलं" समजतात आणि पुढचं काम सोडून देतात. टॉवेलची चार-पाच इंच जाड गुंडाळी करून उजव्या कमरेखाली सरकवा, म्हणजे शरीर किंचित डाव्या कुशीवर कलतं आणि दाब जातो. खुर्चीची पाठही पूर्ण आडवी करू नका, अर्धवट उठती ठेवायला सांगा. तरीही गरगरलं तर लगेच हात वर करा आणि पूर्ण डाव्या कुशीवर वळा. एक-दोन मिनिटांत बरं वाटतं. एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त काम करून घेऊ नका. मध्ये लघवीला जायचं असेल तर संकोच नको.

भुलीचं इंजेक्शन लिग्नोकेनचं असतं, ते गरोदरपणात चालतं. त्यात असलेलं थोडं ॲड्रिनॅलिनही चालतं. त्यामुळे भूल टिकते आणि रक्त कमी येतं. भूल न देता काम करून घेणं हे सहनशीलतेचं लक्षण नाही. वेदनेने शरीर स्वतःच त्याहून जास्त ॲड्रिनॅलिन सोडतं. दाताच्या एका छोट्या एक्स-रेत किरणं अगदी थोडी आणि तोंडापुरती असतात. लेड एप्रन (किरणं अडवणारं शिशाचं आवरण) आणि गळ्याची पट्टी घालूनच काढा, आणि ती समोर टांगलेली असूनही कुणी घातली नाही तर मागा.

गोळ्यांबाबत

सगळ्यात जास्त नुकसान मेडिकलच्या काउंटरवरून घेतलेल्या गोळीने होतं. दाढदुखीला सर्रास दिलं जाणारं केटोरोल, तसंच कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, झिरोडॉल या सगळ्या एकाच घराण्यातल्या वेदनाशामक गोळ्या आहेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी पोटातच आकसू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गरोदरपणात यांपैकी काहीही नको. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने चालते. पण तीन दिवस गोळीवर काढायचे आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचंच नाही, हा उपाय नव्हे.

प्रतिजैविकांत अमॉक्सिसिलीन आणि सेफॅलेक्सिन चालतात. डॉक्सिसायक्लिन आणि त्या जातीची औषधं नाहीत, बाळाच्या घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात. आणि एक समज पक्का करा: प्रतिजैविकाने सूज उतरते, कीड तशीच राहते. दाढेच्या आतला पू बाहेर काढल्याशिवाय तो पुन्हा येणार.

घरी दाढेवर ॲस्पिरिनची गोळी ठेवू नका किंवा लवंगतेलाचा बोळा दाबून धरू नका, दोन्हींनी हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ दिवसातून चार-पाच वेळा पुरेशी. मशेरी लावत असाल तर ती आजच बंद व्हायला हवी. दुखऱ्या हिरडीला मशेरीने बधिरपणा येतो म्हणून कित्येकजणी गरोदरपणात ती वाढवतात, पण ती भाजलेली तंबाखू आहे, तिचं निकोटिन रक्तातून बाळापर्यंत जातं आणि बाळाचं वजन कमी भरतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

"बाळंत झाल्यावर या" म्हटलं तर

भांडू नका, परतही फिरू नका. शांतपणे तीन गोष्टी बोला. "डॉक्टर, चार रात्री झोप नाही, खाता येत नाही." मग चिठ्ठी पुढे करा: "गायनॅक मॅडमनी हरकत नाही असं लिहून दिलंय." तरीही नाही म्हणाले तर, "मग कृपया केसपेपरवर कारण लिहून द्या आणि कुठे पाठवताय तेही लिहा." या तिसऱ्या वाक्याने पुष्कळदा गोष्ट हलते. कारण खरंच असेल, म्हणजे रक्तस्राव, ताब्यात नसलेला रक्तदाब, तर ते लिहिलं जाईल आणि तुम्हालाही कळेल. नुसती भीती असेल तर वरिष्ठांना विचारून निदान दाढ उघडून, पू काढून तात्पुरतं औषध तरी भरून देतील. तेवढंही खूप असतं. कारण न लिहिताच परत पाठवलं तर त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, सिव्हिलमध्ये आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जा. १०४ वर फोन करून सल्लाही मिळतो.

ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जायचं कधी? तापाबरोबर गाल किंवा जबड्याखाली सूज, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला, डोळा सुजून मिटायला लागला. सूज गळ्याकडे उतरत असेल तर श्वास अडकू शकतो. अशा वेळी छोट्या दवाखान्यात थांबू नका. कळव्यासारख्या, भूल, कान-नाक-घसा आणि प्रसूती हे सगळे विभाग एका छताखाली असलेल्या रुग्णालयात १०८ ने जा. बाळाची हालचाल कमी वाटली किंवा अंगावरून रक्त गेलं तर आधी प्रसूती विभाग, दात नंतर.

बाळंतपणानंतर

सव्वा महिना बाहेर पडायचं नाही या रीतीत दाताचं काम अडकतं. न दुखणारं काम सव्वा महिन्याने केलं तरी चालतं, पण ठणका असेल तर घरच्यांना समजावून जायला हवं. अपुरं राहिलेलं रूट कॅनाल आणि तात्पुरतं सिमेंट यांचा नंबर पहिला. सहा आठवड्यांनी स्वतःच्या तपासणीला किंवा बाळाच्या लसीला जाल, त्याच दिवशी त्याच आवारात दातांचा केसपेपर काढा. बाळ घेऊन दोन वेगळ्या दिवशी जाणं फार कमी जणींना जमतं.

दूध पाजत असताना लिग्नोकेन, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलीन चालतात. दूध काढून टाकावं लागत नाही, एक्स-रेने दुधाला काही होत नाही. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेल्या गोळ्या मात्र नकोत, बाळ गुंगीत जाऊ शकतं. खुर्चीत बसण्याच्या अगदी आधी पाजून घ्या, म्हणजे दोन तास मोकळे मिळतात.

डिंकाचे आणि मेथीचे लाडू, आळिवाची खीर खा, पण दिवसभर तोंडात तुकडा ठेवून नको. खाण्याच्या वेळेला खा आणि कोमट पाण्याने चूळ भरा. गार पाणी नको असा घरचा आग्रह असेल तर कोमट पाण्याने ब्रश करा, पण फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा कराच, त्यातली एक रात्री झोपताना. बाळाला भरवताना चमचा आधी आपल्या तोंडात घालून बघू नका, आईच्या किडक्या दातातले जंतू त्याच चमच्यातून जातात. बाळाचा पहिला दात दिसला की, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, त्यालाही दंत विभागात दाखवा. त्या दिवशी स्वतःचाही केसपेपर काढा आणि राहिलेली कॅप बसवायची तारीख घेऊन या.